खिडकीबाहेरचा वड

राधानगरीला धरणाचं काम सुरू झालं त्या साली, ऐन फाल्गुनात, दिलदार माळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. रंकाळ्याकडच्या सरदारांच्या बंगल्यात, थोरल्या आक्कासाहेबांच्या खिडकीबाहेर, हातभर उंचीचा एक वड कुंडीत वाढवलेला होता. त्यांच्या मालकांनी तो स्वतः लावला, तारेनं वळवला, छाटून छाटून बुटका ठेवला. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. आता आक्कासाहेब अंथरुणाला खिळल्या होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि त्यांनी एक खूळ डोक्यात घेतलं होतं.

"ह्या वडाची पानं गळाली की मी बी चालले बघा," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

त्या बोलून मोकळ्या झाल्या, निस्तरायचं मात्र दिलदारनं. कुंडीत मुळ्यांचा असा गुंता झाला होता की पाणी वरच्यावर तुंबायचं. वड गुदमरत होता. मुळ्या छाटून त्याला नव्या कुंडीत घालायची वेळ हीच, पालवी फुटायच्या आधीची. पण मुळ्या छाटायच्या तर पानंही काढावी लागतात. म्हणजे महिनाभर नुसत्या काटक्या.

"सरळ सांगून टाका की त्यास्नी," त्याची बायको हाफिजा म्हणाली.

"आन् ऐकूनच जीव सोडला तर? त्यांचं चिरंजीव, धाकलं सरकार, माझी चामडी सोलतील!"

दिलदार मनानं चांगला, पण भित्रा. भित्र्या माणसाला नको त्या वेळी अक्कल सुचते. पन्हाळ्याच्या वाटेवर एका पडक्या विहिरीच्या कठड्यात तेवढाच एक रानवड उगवलेला त्यानं पाहिला होता. तो उपटून आक्कासाहेबांच्या ओळखीच्या कुंडीत लावायचा आणि खरा वड नव्या कुंडीत घालून पालवी येईपर्यंत गोठ्यामागं लपवायचा, असं त्यानं ठरवलं.

हाफिजा कपाळावर हात मारत म्हणाली, "आवं, रानचं झाड मिरगाच्या पावसाबिगार हलवायचं न्हाय, हे तुमीच सांगता न्हवं? कुंडीतल्याच्या बारीक मुळ्या सगळ्या जवळच असत्यात. ह्येची मुळी कुठल्या कुठं गेलेली. ती तोडून वर चैताचं ऊन दिलं तर ते काय पिऊन जगंल?"

"म्हैनाभर तग धरला की झालं."

रानवड आला. आक्कासाहेबांनी खिडकीतून हात काढून कुंडीचा फुटका काठ चाचपला, पानांवरून बोटं फिरवली आणि त्या समाधानानं पेज प्यायल्या. दिलदारला वाटलं, सुटलो.

आठवडाही गेला नसेल, पानं माना टाकू लागली. दिलदारनं ओलं पोतं गुंडाळलं, सावली केली, पाणी घातलं. पण ते पाणी प्यायला मुळी होती कुठं? सकाळी आक्कासाहेब उठायच्या आत तो गळालेली पानं वेचून कमरेला खोचायचा. जेवण जाईना. कुणी नुसती हाक मारली तरी दचकायचा. आपल्या हातून म्हातारी मरणार, हे त्याच्या मनानं घेतलं होतं.

एका दुपारी वारं सुटलं आणि एक पान उडून थेट आक्कासाहेबांच्या पांघरुणावर पडलं. त्यांनी ते चुरून पाहिलं. त्या दिवसापासून पेजेची वाटी तशीच परत येऊ लागली. डॉक्टर येऊन गेले. नवं दुखणं काही नाही म्हणाले.

दिलदार गोठ्यामागं धावला. खऱ्या वडाच्या फांद्यांवर तांबूस कोंब टरारून आले होते. एक पान तर उलगडायलाही लागलं होतं.

"धरा तिकडनं," हाफिजानं कुंडीला हात घालत फर्मावलं. "आता खरं सांगायचं. मग काय व्हईल ते हू दे."

दोघांनी वड पलंगाशी आणून ठेवला. दिलदारनं रडत रडत सगळं सांगितलं. रानवड कुठून आणला, का आणला, काही लपवून ठेवलं नाही. हाफिजानं म्हातारीचं बोट धरून कोवळ्या पानावर टेकवलं.

"आक्कासाहेब, ह्यो तुमचा. मालकांचा. जिता हाय, बघा."

आक्कासाहेबांनी पान चाचपलं. मग हात खाली नेऊन कुंडीचा काठ चाचपला. तो गुळगुळीत होता, नवा. आक्कासाहेब हसल्या. ते हसू मायेचं होतं.

"दिलदार, तुझा जीव लई चांगला हाय रं," त्या म्हणाल्या. "म्हातारीला धीर द्यायला एवढ्या उन्हाचं दुसरं झाड हुडकून आणलंस."

"न्हाय, आक्कासाहेब! अल्लाची आन! ह्योच तुमचा!"

"व्हय, व्हय," लहान पोराची समजूत घालावी तशा त्या म्हणाल्या आणि खिडकीकडं कूस वळवून वाळलेल्या वडाला हातानं शोधू लागल्या.