विचारून चाललेली वाट

"पोरी, तुझ्या सासूला सांग, यापुढं टोपली आणू नको म्हणावं."

शेजारच्या रानाचा म्हातारा हे म्हणाला तेव्हा सून बांधावर पाय पसरून शेंगा निवडत होती. पोटात पोर, पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले. तिनं मान वर न करताच विचारलं, "का हो बाबा? शेंगा निबर निघाल्या का गेल्या खेपेला?"

"चेष्टा करू नकोस. तू कॉलेजात जाऊन आलेली, म्हणून तुझ्यापाशी बोलतोय. तुमच्या रानाची वाट माझ्या रानातून जाते. माझ्या आज्याच्या वेळेपासून जाते. गाडी जाते, गुरं जातात, तुझा सासरासुद्धा शेवटचा ह्याच वाटेनं गेला. मग तुझी सासू दर हंगामाला पहिली तोड माझ्या दारात आणून ठेवते आणि विचारते, 'यंदाही जाऊ देता ना?' ते कशाला?"

"सवय आहे त्यांची."

"ती सवय मोडा. आणि वाट कागदावर घेऊन टाका. माझी सही आज आहे, उद्याचं मला माहीत नाही."

सून हसली. म्हाताऱ्याचं आताशा असंच चालायचं, विहिरीवर गेला की बादली कुठं ठेवली ते विसरायचा, आणि उरलेला दिवस जगाची काळजी करायचा. तरी संध्याकाळी तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. नवरा म्हणाला, "कागद मागायचा? त्यांना? ज्यांनी मला खांद्यावर बसवून शाळेत सोडलं त्यांना?" सासूनं तर चुलीपुढूनच आवाज दिला, "धडधाकट माणसाला कागद लावायला निघालात होय रे? लाज वाटू द्या जरा."

विषय तिथंच संपला. पुढच्या तोडीला टोपलीत दोन मुठी शेंगा जास्त पडल्या, एवढाच काय तो फरक.

ती टोपली सासूला तिच्या सासूकडून मिळालेली. दुसऱ्याच्या मातीवर पाय ठेवायचा तर तोंडानं विचारायचं, असं त्या घरचं वळण. म्हातारा दरवेळी वैतागायचा, "जा की बाई, तुला कोणी अडवलंय?" आणि सासू समाधानानं माघारी फिरायची. तिला ते उत्तर ऐकायचं असायचं. ते ऐकल्याशिवाय हंगाम सुरू झाला असं तिला वाटतच नसे.

म्हातारा गेला तेव्हा सुनेची मुलगी रांगत होती. त्याचा पोरगा शहरात भांड्यांचं दुकान चालवायचा. त्याला मातीत रस नव्हता. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि थोड्याच दिवसांत कळलं की खरेदीखत झालं. जमीन वीटभट्टीवाल्यानं घेतली.

भट्टीवाला माणूस गोड. आला तो हात जोडूनच आला. लेकीच्या गालाला हात लावला, सासूला 'मावशी' म्हणाला, तांब्याभर पाणी प्यायला. त्याच्या गाडीत मात्र सिमेंटचे खांब होते. आठवडाभरात खांब उभे राहिले, तार ताणली गेली, आणि जिथून वाट आत शिरायची तिथं लोखंडी फाटक बसलं.

टोमॅटोचा तोडा चालू होता. नवऱ्यानं गाडी भरली, फाटकापाशी नेली, तर कुलूप.

"दादा, किल्ली?" त्यानं हाक मारली.

भट्टीवाला पलीकडं माती उकरणाऱ्या यंत्राजवळ उभा होता. सावकाश आला. "किल्ली कशाची?"

"वाटेची. माल जायचाय."

"ही वाट कुठाय? हे माझं रान आहे." तो रागावलेला नव्हता, उलट समजुतीनं बोलत होता. "खरेदीखतात बघा ना, वाटेचा शब्दही नाही. मी पूर्ण जमिनीचे पैसे मोजलेत, मधल्या पट्ट्याचे सोडून नव्हे."

"आमची आख्खी हयात गेली ह्या वाटेनं."

"गेली असेल. म्हाताऱ्यानं जाऊ दिलं, मोठ्या मनाचा माणूस. मी लहान मनाचा." तो हसला. "आणि तुम्हाला ओढ्याकडून जाता येतंच की."

ओढ्याकडून. उन्हाळ्यात तिथं गोटे असतात आणि पावसात छातीएवढं पाणी. बैलगाडी तर सोडाच, बकरीसुद्धा विचार करते. सून लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिचं लक्ष कुलपाकडं नव्हतं, भट्टीवाल्याच्या डोळ्यांकडं होतं. ते डोळे तिच्या रानावरून फिरत होते. घर, विहीर, मग पुन्हा काळी माती. असं तर बाजारात जनावर घ्यायला आलेला माणूस बघतो.

"नाहीतर असं करा," जाता जाता तो म्हणाला, "मलाच देऊन टाका. वाट नसलेलं रान दुसरं कोण घेणार?"

टोमॅटो गाडीतच मऊ पडले. दोघांनी मिळून काही पाट्या डोक्यावरून ओढ्यातून नेल्या, बाकीचे गुरांना घातले. गुरंही शेवटी तोंड फिरवायला लागली.

मग वकील. तालुक्याच्या कचेरीसमोर जिन्याखालच्या खोलीत बसायचा. खोलीत पंखा होता, पण तो वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करायचा. वकील तरुण होता आणि बरा होता. त्यानं कागदाच्या पाठीवर दोन चौकोन काढले आणि एकातून दुसऱ्याकडं रेघ ओढली.

"तुमचं रान तुमच्या मालकीचं. त्यात कोणालाच शंका नाही. ताबाही तुमचा. प्रश्न ह्या रेघेचा आहे. ही रेघ हक्क आहे की परवानगी, एवढंच कोर्ट बघणार."

"त्यात फरक काय?" नवऱ्यानं विचारलं.

"हक्क जमिनीला चिकटतो. मालक मेला, जमीन विकली, तरी हक्क तिथंच राहतो. परवानगी माणसाची असते. माणूस गेला की तीही गेली." त्यानं पेन खाली ठेवलं. "तुम्ही पिढ्यान्पिढ्या उघडपणे, कोणाला न विचारता, आपली वाट समजून गेलात ना? मग तो हक्क झाला. कागद नसला तरी चालतं. आता मला खरं सांगा. कधी कोणी जाण्यासाठी परवानगी मागितली होती?"

सुनेला टोपली आठवली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं पंख्याकडं.

"नाही," नवरा म्हणाला.

"झालं तर मग," वकील म्हणाला.

येताना ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून ती म्हणाली, "टोपलीचं सांगायला हवं होतं."

"सांगून काय झालं असतं?"

"काहीच नसतं झालं. पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं."

दावा लागला, आणि कोर्टानं जागा बघायला माणूस पाठवायचं ठरवलं. आदल्या दिवशी सुनेनं सासूला समोर बसवलं. पोर मांडीवर झोपलं होतं, म्हणून ती हळू बोलत होती. नाहीतरी त्या दिवसांत तिचा आवाज वर निघतच नव्हता.

"आई, उद्या साहेब येतील. विचारतील, ह्या वाटेनं किती वर्षं जाता. तुम्ही म्हणायचं, लग्न होऊन आले तेव्हापासून."

"खरंच आहे ते."

"आणि टोपलीचा विषय काढायचा नाही."

सासू म्हणाली, "खोटं बोलू?"

"खोटं नाही. फक्त बोलू नका."

"मग चोरून न्यायचे का मी ती टोपली? भरल्या गावातून डोक्यावर घेऊन जायचे." सासूचा चेहरा लाल झाला होता. "त्या माणसाचे उपकार आम्ही फुकट घेतले नाहीत, एवढं तरी त्या साहेबाला कळू दे की."

"आई, त्यालाच तर कळू द्यायचं नाही."

ते कसं समजवायचं ते सुनेला येत नव्हतं. आपला हक्क आहे हे दाखवायचं तर आपण उर्मट होतो हे दाखवायचं. ज्याच्या रानातून गेलो त्याला कधी 'बरं का' सुद्धा म्हटलं नाही, असं सांगायचं. तिनं शब्द जुळवून बघितले, दोनदा सुरुवात केली, आणि मग लेक उठली म्हणून तेही राहिलं.

साहेब आले ते उन्हात डोक्यावर रुमाल टाकून. भट्टीवाला सोबत होता, जिन्याखालचा वकीलही होता. जमीन तापून भेगाळलेली, वाटेवर जुन्या चाकोऱ्या इतक्या खोल की साहेबांचा बूट त्यात अडकला. वकिलानं लगेच बोट दाखवलं, "बघा साहेब, चाकोऱ्या बघा. एका वर्षाच्या नाहीत." साहेबांनी मान हलवली, लिहून घेतलं. सुनेला वाटलं, होईल. होईल काहीतरी.

मग साहेब सासूकडं वळले. भले माणूस होते, वाकून बोलले. "आजी, ह्या वाटेनं जाता येता?"

"लग्नाची वरात ह्याच वाटेनं आली माझी."

"कोणी कधी अडवलं?"

"अडवतील कशाला? देवमाणूस होता तो."

"म्हणजे तुम्ही आपलं सरळ जात होता."

'सरळ' शब्द सासूला लागला. सुनेनं तो लागताना बघितला. तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं सासूचं कोपर दाबलं. सासूनं हात झटकला.

"सरळ कशी जाईन हो साहेब? आम्ही काय उडाणटप्पू आहोत? दर हंगामाला पहिली तोड त्यांच्या दारात नेऊन ठेवली. ह्या हातानं. आणि विचारलं, यंदाही जाऊ देता ना? ते हो म्हणाले की मगच आमची गाडी निघायची. विचारा गावाला. एक वर्ष चुकलं नाही. नवरा गेला त्या वर्षीही नाही!"

ती ताठ उभी होती. आपल्या घराची अब्रू आपण चारचौघांत राखली, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. साहेब लिहीत होते. वकिलानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला. भट्टीवाला तेवढा पुढं झाला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मावशी खोटं बोलणार नाहीत, हे मला माहीतच होतं."

निकाल लागला. फाटक उघडायचा हुकूम मिळाला नाही. वाट परवानगीची होती, परवानगी देणारा राहिला नाही. आणि ओढ्याकडून जाता येतं, तेव्हा ही एकच वाट असंही म्हणता येत नाही. वरच्या कोर्टात जाता येईल, वकील म्हणाला, वेळ लागेल. रान अजून त्यांचंच होतं. घर त्यांचं, विहीर त्यांची, बांधावरचं झाड न् झाड त्यांचं. फक्त तिथं पोचायचा अधिकार तेवढा नव्हता.

त्या दिवशी सासूनं भांडी घासता घासता विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

सुनेच्या मनात किती आलं. पण ती बाई राखेनं पातेलं घासत होती, आणि पातेलं कधीचंच लख्ख झालं होतं.

"नाही आई," ती म्हणाली. "तुमचं नाही चुकलं."

पावसात लेक तापली. सकाळी कढत होती, दुपारपर्यंत डोळे फिरवायला लागली. नवरा लांब, दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक म्हणून लागलेला. सून पोरीला छातीशी धरून फाटकाकडं पळाली. राखणदार झोपडीतून बाहेर आला, त्यानं पोरीकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"ताई, किल्ली मालकाकडं असते. आईशप्पथ, माझ्याकडं नाही. असती तर..."

"तार वर धरा."

त्यानं तार वर धरली, पायानं खालची दाबली. ती पोरीला घेऊन मधून सरकली. पाठीवर तारेचा काटा ओढला गेला ते तिला दवाखान्यात गेल्यावर कळलं. चिखल पायाला ओढून धरत होता, एक चप्पल त्यानं ठेवूनच घेतली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्यांना वाटलं हे ऐकून ती खूश होईल. ती भिंतीला टेकून बसली. तार पुढच्या खेपेला आणखी दाट बांधली असेल, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. आणि बांधलीच, चारच दिवसांत.

आता ती लेकीला घेऊन डांबरी रस्त्यालगतच्या एका खोलीत राहते. खोलीला एक खिडकी आहे, तिच्यातून पिठाची गिरणी दिसते. सासूला तिनं परोपरीनं सांगितलं, चला म्हणून. नवरा तर पाया पडला. पण वकिलानं सांगून ठेवलंय की घर रिकामं ठेवू नका, तिथं राहतं माणूस असू द्या, नाहीतर उद्या समोरचा म्हणेल, यांना वाट हवीच कशाला. हे सासूनं कान देऊन ऐकलं. तेवढ्याच वेळी तिला कायदा पुरता समजला.

"मी घालवलं," ती म्हणाली, "मी बसते राखत."

तेव्हापासून ती तारेच्या आत एकटी आहे. ओढा उतरला की नवरा पीठ-मीठ पोचवून येतो. ओढा भरला की कोणीच जात नाही. पोरीला सोडून सून जाऊ शकत नाही, पोरीला घेऊनही जाऊ शकत नाही. त्या रानात फोन लागत नाही, आणि लागला तरी सासू म्हणते, "मला काय धाड भरलीय?" आणि ठेवून देते. गेल्या खेपेला तिच्या आवाजात खोकला होता.

म्हणून सून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवते. गिरणीत आलेल्या बायांना, दूधवाल्याला, अनोळखी माणसालासुद्धा. तुम्ही दिसलात तर तुम्हालाही थांबवील, पोरीला कडेवर घेऊन, दार अर्धं उघडं ठेवून.

"तुम्ही ओढ्याच्या अंगानं जाणार आहात का हो? मग एवढं करा. अलीकडच्या काठावरूनच आमच्या सासूबाईंना हाक मारा. 'मावशी, जेवलात का?' एवढंच विचारा, दुसरं काही नको. पहिल्या हाकेला त्या ओ देत नाहीत, ऐकू कमी येतं, दोनदा मारा. आणि ओ आली की नाही, ते जाताना ह्या खिडकीपाशी सांगून जा. मी इथंच असते."