वरून दुसरं बटण

माझे सात शर्ट पलंगावर ओळीने उताणे पडले होते आणि बायको हातात कात्री घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. बटणं कापायची, काजं शिवून टाकायची आणि तिथे वेल्क्रोच्या पट्ट्या लावायच्या, ही कल्पना माझी. नुसतं दाबलं की शर्ट बंद. उजव्या हाताचं कामच नाही.

"शेवटचं विचारते हं," ती म्हणाली. तिने तीस वर्षं घरी मशीनवर शर्ट शिवले आहेत. या सातही शर्टांची काजं तिने हाताने घातलेली. "एकदा शिवून टाकली की टाकली. नंतर उसवायला सांगाल, तर मी ऐकणार नाही."

"काप," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहिलं.

साडेतीन महिन्यांपूर्वी मला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र अडून बसला. तेव्हापासून रोज सकाळी बायको माझ्या शर्टाची बटणं लावते. मी पहिल्यापासून भिडस्त माणूस. तिची बोटं गळ्याशी आणि माझी नजर छताला, असा तो कार्यक्रम. आपलं बटण आपल्याला लावता यावं, याहून जास्त मी काही मागितलं नव्हतं. पण ते होणार नाही, हे माझ्या वहीनेच मला पटवून दिलं होतं.

व्यायाम करून घ्यायला घरी येणारी फिजिओ मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "काका, रोज काय काय झालं ते लिहून ठेवा." मी डाव्या हाताने, लाल पेनने, एकही दिवस न चुकवता लिहिलं. काल दुपारी सगळी वही वाचून काढली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक चांगली ओळ सापडेल तर शपथ.

तेवढ्यात बेल वाजली आणि तीच आत आली.

"अरे वा काकू, कपड्यांचं दुकान काढलंत?"

"दुकान कसलं, ऑपरेशन आहे. सात जणांचं."

मी उघड्या अंगावरची शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "तुमचे फार उपकार झाले, पण उद्यापासून येऊ नका. प्रगती शून्य आहे. वहीत पुरावा आहे." मी बहात्तरचा, ती पंचविशीची, तरी तिला 'अगं' म्हणायचा मला कधी धीर झाला नाही.

तिने वही उघडली आणि उभ्यानेच मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"अंगठा हलत नाही. अंगठा हलत नाही. अंगठा हलत नाही." पानं उलटली. "चेंडू निसटला." ती थांबली. "काका, निसटला म्हणजे आधी कुठे होता?"

"हातात."

"कुठल्या?"

"उजव्या," मी म्हणालो आणि उगाच घसा खाकरला.

"चमचा तोंडाशी येऊन सांडला. म्हणजे तोंडापर्यंत पोचला! बरणीचं झाकण तिरकं बसलं..."

"थांब, थांब!" बायको कात्रीसकट पुढे आली. "अहो, ते झाकण तुम्ही लावलं होतंत? मीच वेंधळ्यासारखं लावलं म्हणून आठ दिवस स्वतःला शिव्या घालतेय!"

"तिरकं लागलं होतं," मी पुटपुटलो.

"पण लागलं होतं ना! मला सांगायला काय झालं होतं?"

"काका, जे नीट झालं ते कुठे लिहिलंय?" मुलीने विचारलं.

"नीट झालेलं कशाला लिहायचं?"

मी हे इतक्या सहज बोललो की दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग माझं मलाच ऐकू आलं.

मी अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. बरोबर शब्दावर आम्ही खूण करत नाही. लाल पेन फक्त चुकीसाठी. मी माझ्या हाताचंही प्रूफच तपासत बसलो होतो! आणि तेही कच्च्या उमेदवारासारखं, चुका नुसत्या मोजत. पहिल्या प्रुफात अख्खा परिच्छेद गळालेला असतो. तिसऱ्या प्रुफात एखादा स्वल्पविराम. तिसऱ्यात स्वल्पविराम सापडला की आम्ही वैतागायचो नाही, चहा मागवायचो, कारण पुस्तक आता छपाईला जाणार असायचं.

मी वही जवळजवळ हिसकावून घेतली. कालची ओळ होती: किल्ली उलटी घातली.

"अगं, हे तिसरं प्रूफ आहे!" मी मुलीकडे बघून ओरडलो. मी सहसा ओरडत नाही. बायकोच्या हातातली कात्री पलंगावर पडली. "शर्ट दे! कुठलाही दे!"

बायकोने निळा शर्ट माझ्या अंगात चढवला. पुरुषांच्या शर्टाला बटणं नेमकी उजव्या अंगाला. डाव्या हाताने काज धरलं, उजवा अंगठा बटणाच्या कडेला टेकवला. निसटलं. पुन्हा टेकवला. पुन्हा निसटलं.

"घाई नाही, काका."

"मला आहे!"

तिसऱ्या खेपेला बटण काजात अर्धं शिरलं आणि अडकलं. बायको श्वास रोखून बघत होती.

"अगं, श्वास घे," मी बायकोला म्हणालो, "नाहीतर तुझ्यासाठी डॉक्टर बोलवावा लागेल."

ती फस्सकन हसली आणि बटण पलीकडे गेलं. गेलं! मुलीने टाळी वाजवली. मी खाली पाहिलं. वरून दुसरं बटण तिसऱ्या काजात लागलं होतं. कॉलरची डावी बाजू थेट कानाला भिडली होती.

शिवणाऱ्या माणसाला असलं काही बघवत नाही. बायकोचा हात आपोआप पुढे आला. "वाकडं लागलंय, जरा थांबा—"

"हात लावू नकोस. राहू दे."

छापखान्यात एखादा शब्द आपण चुकून खोडला, तर त्याखाली टिंबं देतात आणि समासात लिहितात, राहू द्या. अडतीस वर्षांत मी ती खूण फार थोड्या वेळा केली असेल. मी वही मांडीवर घेतली. डाव्या हाताने लिहिलं, दुसरं बटण तिसऱ्या काजात. मग पेन उजव्या मुठीत धरलं आणि त्या ओळीखाली टिंबं द्यायला लागलो. दोन जमली. तिसरं घसरून त्याची रेघ झाली.

"मग उद्यापासून येऊ नको ना?" मुलीने पर्स उचलत विचारलं.

"लवकर ये," मी म्हणालो. "तिसरं बटण राहिलंय."

बायको सहा शर्टांच्या घड्या घालत होती, तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. एरवी मी आतल्या खोलीत पळालो असतो. आज काठी घेतली आणि दार स्वतः उघडलं. शेजारचे पेन्शनर आजचा पेपर मागायला आले होते. त्यांची नजर माझ्या कॉलरवर गेली.

"अहो, तुमचं बटण चुकलंय."

"माहीत आहे," मी म्हणालो. "मीच लावलंय!"