दिवस मावळायच्या आत

सूर्यास्ताच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. मी जगातले उत्तमोत्तम सूर्यास्त बघितलेत. ही फुशारकी वाटत असेल तर खुशाल वाटू दे. शिरोलीच्या एका फौंड्रीचं कास्टिंग परदेशात खपवायचं काम मी ब्याण्णव सालापासून बारा वर्षं केलं. गिऱ्हाईक भेटायचं दिवसा, आणि संध्याकाळ मोकळी. बरोबरची मंडळी अंधार पडल्यावर हॉटेलं धुंडाळायची. मी पडलो जैन, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारा. पाच वाजता खोलीवर बसून बायकोनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची, हात धुवायचे आणि कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचं. पोट भरलेलं असलं की सूर्यास्त फार छान दिसतो, हे माझं ठाम मत आहे.

इस्तंबूलला पुलावर गळ टाकून बसलेल्या लोकांच्या मागं मशिदींचे मिनार काळे होताना मी बघितले. झांझिबारला शिडाची होडी बरोबर सूर्यावरनं गेली, तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं "आई गं" निघालं आणि शेजारचा गोरा दचकला. केपटाऊनच्या टेकडीवर थंडीनं दात वाजत होते तरी हललो नाही. नॉर्वेच्या वरच्या टोकाला तर जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. मी खूश झालो, म्हटलं, आता कधीही जेवा. कोल्हापूरला फोन लावून बायकोला, सीताला, हे सांगितलं, तर ती म्हणाली, "तिथला मावळत नसंल, पोट हितलंच हाय की. सहालाच जेवा." मी सहालाच जेवलो.

दोन हजार चारला निवृत्त झालो तेव्हा घरात स्लाईडचे अकरा डबे होते. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते दाखवले. पाहुणे कमी झाले. मग सहा सालच्या जानेवारीत समाजाच्या सभागृहात माझा रीतसर कार्यक्रम ठरला. फळ्यावर लिहिलं होतं, 'जगातील सुंदर सूर्यास्त : श्री. धनपाल यांचे अनुभव.' सगळे घरून जेवून साडेसातला आले. मी दीड तास बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघांना झोप लागली होती, तेही टाळ्यांनी उठले.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर आमची सूनच उठली. भाग्यश्री क्लासमध्ये गणित शिकवते, गप्प बसणं तिला जमत नाही. "मामा, तुमचे सगळे झाले. आत्याबाईंना कुठला आवडतो, ते विचारा की."

सगळ्यांनी माना वळवल्या. सीता तिसऱ्या रांगेत बसली होती. ती लाजली, पदर सावरला आणि म्हणाली, "मी एकबी बघितला न्हाय."

लोक हसले. त्यांना वाटलं, तिला परदेशातला म्हणायचंय. मलाही तसंच वाटलं. घरी येताना रिक्षात मी समजूत घातली, "अगं, परदेशातला नसंल, पण रंकाळ्याचा तरी बघितला असशीलच की."

"कवा बघू?" ती म्हणाली.

मला राग आला. कोल्हापुरात लग्न होऊन येऊन चाळीस वर्षं झाली, रंकाळा घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर, मी जेवून तिकडंच फिरायला जाणारा, आणि ही म्हणते कवा बघू! मी तसं बोललोही, जरा मोठ्यानं. रिक्षावाल्यानं आरशातनं बघितलं. सीता शांतपणे म्हणाली, "दिवस मावळायच्या आत आधी तुमचं ताट. मग अभिनंदनचं. मग आल्यागेल्याचं. सगळ्यांचं झालं की शेवटाला माझं. तवर वर बघायला मान कुणाला हाय?" मग थोडं थांबून म्हणाली, "मला बघायचाय एकदा. टेकल्यापासनं बुडंपतूर. फोटूतला नको."

हा माणूस जगभर सूर्यास्त बघत हिंडला आणि घरच्या बाईला एक दाखवता आला नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली की मी कामाला लागतो. दुसऱ्याच दिवशी मी जाहीर केलं, "आज रंकाळा."

त्या दिवशी तिनं चारलाच स्वयंपाक केला. पण आमचा मुलगा अभिनंदन कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतनं कामावरनं सहाला पाच कमी असताना आला. त्याला वाढेपर्यंत झालं की अंधारच. तिसऱ्या दिवशी निघालो, कुलूप लावलं, आणि खालच्या मजल्यावरच्या तानाबाई मिक्सर चालत नाही म्हणून वाटण घेऊन वर आल्या. सीतानं कुलूप उघडलं. मी जिन्यात उभा राहून दात खाल्ले. माझ्या ध्यानात आलं की ही बाई स्वयंपाकघरात आहे तोवर हिला सूर्यास्त दिसणार नाही.

"रविवारी सैपाक मी करणार," मी म्हणालो. "तू आत पाऊल टाकायचं न्हाईस."

अभिनंदनला ठसका लागला. भाग्यश्रीनं विचारलं, "मामा, गॅस कसा लावायचा ठावं हाय न्हवं?" असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

रविवारी सूर्यास्त सहा वीसला होता. मी तीनपासून लागलो. मुगाची खिचडी आणि कढी. कढी एकदा फुटली, पुन्हा केली. पावणेपाचला पहिलं ताट सीतापुढं ठेवलं. तिचा हात पुढं होईना. "आधी तुम्ही बसा की," ती म्हणाली. चाळीस वर्षांत ती कधी पहिली जेवली नव्हती. मी म्हटलं, "गपगुमान जेव." ती जेवली, सावकाश, मधूनमधून माझ्याकडं बघत. मीठ जास्त झालंय हे तिनं सांगितलं नाही. अभिनंदननं सांगितलं.

सव्वापाचला मी माझं ताट घेणार, एवढ्यात दार वाजलं. माझा चुलतभाऊ गुंडू, हुपरीचा. चांदीच्या पैंजणांचा माल पोचवून परतताना वाट वाकडी करून आला होता. "वहिनीच्या हातचं जेवून जातो म्हटलं," तो बसता बसता म्हणाला. पावणा, तोही दिवस मावळायच्या आत जेवणारा. त्याला उपाशी कसा घालवायचा? वाढलं. त्यानं एकदा घेतलं, दोनदा घेतलं, आणि "वहिनीच्या हाताला चव हाय," असं म्हणत तिसऱ्यांदा ताट पुढं केलं. मी वाढलं. वहिनी बाहेरच्या खोलीत पदर तोंडाला लावून बसली होती. गुंडूला बसस्टँडची वाट दाखवली, पातेलं मोरीत टाकलं आणि अभिनंदननं आणलेल्या रिक्षात आम्ही दोघं बसलो. पावणेसहा झाले होते.

रंकाळ्यावर सगळं गाव लोटलं होतं. भेळवाले, फुगेवाले, कठड्यावर पाय सोडून बसलेली कॉलेजची पोरं. मी दोघांपुरती जागा मिळवली. समोर पाणी, त्यात संध्यामठ, आणि पलीकडं सूर्य अजून दोन हात वर. सीता मांडी घालून बसली, चप्पल काढून, देवळात बसावं तशी.

मी सुरू केलं, "आता बघ, खालून जरा तांबूस व्हायला लागंल. केपटाऊनला काय हुतंय..."

"गप्प बसा जरा," ती म्हणाली.

मी गप्प बसलो, आणि तेवढ्यात पोटात खड्डा पडला. मी जेवलोच नव्हतो. सगळ्यांना वाढता वाढता माझं ताट राहूनच गेलं होतं. घड्याळात सहा बारा झाले होते, आठ मिनिटांत खाल्लं नाही तर सकाळपर्यंत उपास. मागं केळीवाला होता, वीस पावलांवर. पण गर्दी अशी की मी उठलो तर जागा जाणार. आणि मी उपाशी आहे हे सीताला कळलं, तर माझ्याआधी ती उठणार. केळी शोधणार, सोलणार, मी खाईपर्यंत समोर उभी राहणार, आणि सूर्य तिच्या पाठीमागं बुडून जाणार. हे मला इतकं स्वच्छ दिसलं की मी कठडा घट्ट धरून बसलो.

सूर्य टेकायला आला. सीतानं त्याच्यावरची नजर न काढता विचारलं, "तुम्ही जेवला न्हवं?"

डिलिव्हरीच्या तारखा सोडल्या तर मी आयुष्यात फारसं खोटं बोललेलो नाही. "व्हय की," मी म्हणालो.

सूर्य टेकला. पाण्यावर पट्टा उमटला तो थेट आमच्या पायांपर्यंत आला. अर्धा गेला, पाव राहिला, नखाएवढा राहिला. सीता श्वाससुद्धा घेत नव्हती. मी सूर्याकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघितलं. तिचं तोंड लालसर झालं होतं, आणि ते मी चाळीस वर्षांत त्या उजेडात कधी बघितलं नव्हतं. सूर्य गेला. तिनं हात जोडले.

"हे रोज असतंय?" तिनं विचारलं.

"रोज."

"लईच झाक हो," ती म्हणाली. डोळे पुसले, हसली. मला इतकं बरं वाटलं की इस्तंबूल, झांझिबार सगळं त्यावरनं ओवाळून टाकावं. तेवढ्यात माझं पोट गुरगुरलं. चांगलं मोठ्यानं.

"खिचडीचं पातेलं मी दारातनं बघितलं हुतं," सीता म्हणाली. "गुंडू भावजींनी तिसऱ्यांदा घेतली तवाच संपली."

"ठावं हुतं? मग मघाशी इचारलंस कशाला?"

"तुम्ही काय म्हणताय बघावं म्हटलं. न्हाय म्हणाला असता तर उठले असते. व्हय म्हणाला, मी मानलं." तिनं चप्पल शोधायला पाय खाली सोडले. "तुम्हीबी मानायचा की. रोज हात पुसत इचारायचा, जेवलीस का. मी व्हय म्हणायची."

अवेळी आलेले किती पाहुणे, किती रिकामी पातेली, आणि मी हात पुसत रंकाळ्याला निघालेला.

"किती वेळा गं?" मी विचारलं.

"आता मोजून काय करायचंय?" ती म्हणाली, आणि चप्पल सापडली होती तरी उठली नाही. "बसा जरा. अजून तांबडं हाय."

मी बसलो. भूक सपाटून लागली होती, आणि उठावंसं अजिबात वाटत नव्हतं.