डाव्या कडेवर

"अगं, आवाज बंद करून काय बघतेस? नुसती तोंडं हलताहेत!" सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

"हळू, आई! आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

सुनेच्या खांद्यावर सात महिन्यांचं पिल्लू झोपलं होतं आणि पडद्यावर मुकी लढाई जुंपली होती. तोफेचा बार झाला की पिल्लू दचकून उठायचं. म्हणून माहितीपट पहिल्यांदा मुकाच बघायचा आणि दुसऱ्यांदा एका कानात आवाज घालून, दुसरा कान पाळण्याकडे ठेवून, अशी तिची रीतच होऊन बसली होती. इतिहास, शस्त्रं आणि कला यांवरच्या माहितीपटांचं परीक्षण ती रविवारच्या पुरवणीत लिहायची. बाळंतपणानंतर तिचं स्वतःचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि तेही आता जायच्या बेतात होतं.

निमित्त एका बंदुकीचं. मागच्या लेखात तिनं ठासणीच्या बंदुकीला रायफल म्हटलं होतं. त्यावर एका निवृत्त कर्नलांचं तीन पानी पत्र आलं. हे गृहस्थ पुरवणी वाचायला नाही, तपासायलाच बसत. 'बाईंनी पाळणा सांभाळावा, तोफा आम्ही सांभाळू,' असा पत्राचा शेवट. संपादकांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "आणखी एक चूक झाली, तर तुमचं सदर कर्नलांकडे. माझाही नाइलाज आहे हो."

आजचा माहितीपट होता 'डावखुरा सेनापती'. बुधवारी दाखवला गेला आणि जो तो वाहवा करत सुटला. एका संग्रहालयातल्या भिंतीएवढ्या तैलचित्रात सेनापतीच्या डाव्या हातात तलवार आहे. त्यावरून तासभर सिद्धांत: त्याचा वार अनपेक्षित बाजूनं यायचा, म्हणून तो जिंकायचा. तज्ज्ञ माना डोलावत होते. कर्नलांनी तर संपादकांना आधीच कळवलं होतं, 'उत्कृष्ट.'

लेख चार वाजता द्यायचा होता. ती 'उत्कृष्ट'च लिहिणार होती. कशाला विषाची परीक्षा?

तेवढ्यात पडद्यावर पूर्ण चित्र आलं, जेमतेम तीन सेकंद. विजयी सेना वेशीतून आत येतेय आणि तटाला टेकून पाच बाया उभ्या आहेत, कडेवर पोरं घेऊन. तिला काहीतरी खटकलं. काय ते कळेना. तिनं ते दृश्य मागे नेऊन थांबवलं. पाचही जणींची पोरं उजव्या कडेवर.

तिनं स्वतःकडे पाहिलं. पिल्लू डाव्या खांद्यावर होतं. सात महिने डावाच खांदा दुखत होता.

"आई, हिला जरा घेता?"

सासूबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि नातीला घेतलं. डाव्या कडेवर.

"उजवीकडे घ्या ना."

"का गं? मग भाजी कशानं ढवळू, पायानं?"

ती पडद्याला नाक लावून एकेक शिपाई तपासू लागली. सगळ्यांची म्यानं उजव्या कमरेला. म्हणजे तलवार उपसायची तर डाव्या हातानं. पाच डावखुऱ्या आया एक वेळ समजू, पण अख्खं सैन्य डावखुरं? माहितीपटवाल्यांनी चित्राचा फोटोच उलटा छापून घेतला होता! आरशातला सेनापती खरा मानून तासभर बोलत होते सगळे.

संग्रहालयाला तिनं लगेच मेल लिहिली. चार वाजायला आले तरी उत्तर नाही. आपण चुकत असलो तर? झोपलेलं पिल्लू श्वास घेतंय ना, हे तिनं चौथ्यांदा पाहिलं. मग लेख पाठवून दिला.

दोन मिनिटांत संपादकांचा फोन.

"अहो, चित्र उलटं आहे म्हणता? पुरावा?"

"पाच बायका."

"कुठल्या संस्थेतल्या?"

"चित्रातल्या. तटाजवळच्या."

"कर्नल माझी सालटी काढतील. तुमची खात्री आहे?"

बाई, अजून वेळ आहे, असं मन म्हणत होतं. पण स्वयंपाकघरात सासूबाई एका हातानं भाजी ढवळत होत्या आणि डाव्या कडेवर नुकतंच उठलेलं पिल्लू त्यांचा कान ओढत होतं.

"आहे," ती म्हणाली. "छापा."

रविवारी लेख आला. दुपारपर्यंत पाच-सहा वाचकांनी तिला वेड्यात काढलं. तिनं धड घास गिळला नाही. सोमवारी सकाळी संग्रहालयाच्या चित्रविभागातल्या बाईंची मेल आली, सोबत मूळ चित्राचा फोटो. सेनापतीची तलवार उजव्या हातात. म्यानं डाव्या कमरेला. पाचही पोरं डाव्या कडेवर. खाली एक ओळ: 'तीस वर्षं या चित्राची देखभाल करतेय. या बायकांकडे बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच.'

"आई!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की पिल्लू दचकून रडायलाच लागलं. आज तिनं 'श्श' केलं नाही. लेकीला उचलून ती खोलीभर नाचली.

संध्याकाळी वाहिनीनं चूक कबूल केली. पाठोपाठ कर्नलांचा फोन आला. ती आपसूक ताठ उभी राहिली.

"मी चार वेळा पाहिला तो माहितीपट," ते खाकरले. "चारही वेळा फक्त तलवार बघितली. ते पाळण्याचं वाक्य मी मागे घेतो. लेखी. पुरवणीत."

"आभारी आहे."

"पण ती बंदूक ठासणीचीच होती हं."

"होती," ती हसत म्हणाली. "ती चूक माझीच."

फोन ठेवते तोच संपादकांचा निरोप आला: पुढचा माहितीपट तोफा ओतण्याच्या कारखान्यावर, गुरुवारी चारपर्यंत लेख हवा, आणि यापुढे सदरावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात.

सासूबाई हात पुढे करून आल्या. "आण तिला इकडे. बस तू लिहायला."

"राहू दे, आई."

पिल्लू डाव्या कडेवर होतं. तिनं पडद्याचा आवाज बंद केला, वही पुढे ओढली आणि उजव्या हातानं पेनाचं टोपण काढलं.