काचेच्या कपाटातला पितळी गंज

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे आणि सध्या कुलपात आहे.

विदर्भाकडची माणसे मोठ्या, खोल पातेल्याला गंज म्हणतात. भंडाऱ्याच्या कारागिरांनी मला ठोकून ठोकून घडवले. फार दुखले, पण अंगाला घाट आला. मग छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने मी जबलपूरला, कांचघर वस्तीतल्या पार्वताबाईंकडे आलो. त्यांचे यजमान लक्ष्मणराव कारखान्यात कामाला होते. त्यांच्यासारखी विदर्भातून आलेली पुष्कळ कुटुंबे त्या वस्तीत होती.

आपल्या लोकांत एक रीत आहे. ज्या घरी मरण येते, तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. नात्यातली माणसे जेवण आणतात. पण इथे नातेवाईक सगळे दूर, त्यांना यायला वेळ लागायचा. म्हणून पार्वताबाईंनी हे काम अंगावर घेतले. कोणी गेल्याचे कळले की शेजारचे मोतीरामभाऊ मला सायकलच्या कॅरियरला बांधून न्यायचे. पार्वताबाई शेजारच्या अंगणात विटांची चूल मांडायच्या आणि माझ्यात पिठले शिजवायच्या. माती आटोपून आलेल्यांना हाताला धरून जेवायला बसवायच्या. असल्या जेवणाला कोणी छान झाले म्हणत नाही, आभारही मानत नाही. लग्नात तर मला कोणी उंबऱ्यावरही घेत नसे. मला त्याचा राग यायचा, खोटे कशाला बोलू? पार्वताबाईंना कधी आला नाही.

एकदा वस्तीतल्या रामकृष्णजींची आई वारली. ते पाण्यालाही शिवेनात. पार्वताबाईंनी पहिला घास आपल्या हाताने त्यांच्या तोंडात घातला. पुढे ते वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरवले, या बाईचा सत्कार करायचाच. जयंतीला पार्वताबाईंना शाल मिळाली आणि मला विहारात काचेचे कपाट. मला घासूनपुसून, पोटात प्लॅस्टिकचे गुलाब भरून आत ठेवले. रामकृष्णजींनी डोळे पुसत कुलूप लावले. इतक्या प्रेमाने कोंडलेल्याने तक्रार तरी कोणाकडे करायची?

सुरुवातीला मी फुगून गेलो होतो, हे मान्य करतो. येणारेजाणारे माझ्यापुढे फोटो काढायचे. मग गल्लीतल्या लहानूचे वडील गेले आणि पार्वताबाई धापा टाकत विहारात आल्या.

"रामकृष्ण, चाबी दे ना भाऊ. लहानूच्या घरी लोक बसून राहिले."

"काकू, आता काहून काढता त्याले? चुलीवर काळा होईन."

"काळा झाला तं घासून देतो ना मी."

"तो तुमचाच मान आहे, काकू. अच्छा, मी समितीत विचारतो."

समितीत विचारणे झालेच नाही. पार्वताबाईंनी घराघरांतून लहान पातेली मागून आणली, पण स्वयंपाक पुरला नाही. लहानूची आई उपाशी झोपली, असे मोतीरामभाऊ दारात सांगत होते. मी काचेमागून ऐकत होतो. जागचे हलता येत नव्हते. भांड्याला स्वतःहून चुलीवर चढता येत नाही, मित्रांनो. त्यानंतर वस्तीत कोणी गेले की खबर द्यायला विहारातली घंटा वाजायची आणि माझा जीव नुसता गुदमरायचा. पार्वताबाई पुन्हा किल्ली मागायला आल्या नाहीत. गुडघ्यांनी दगा दिला, तरी लहान पातेली घेऊन त्या जात राहिल्या.

आज सकाळी पार्वताबाई गेल्या.

आता समोर खुर्च्या लावत आहेत. संध्याकाळी शोकसभा आहे. रामकृष्णजी पार्वताबाईंचा फोटो घेऊन आले आहेत.

"काकूचा फोटो इथंच ठेवू, गंजाच्या बाजूले," ते म्हणाले.

मोतीरामभाऊ आता वाकले आहेत. त्यांनी काचेवर हात ठेवला. "फोटो ठेवा जी. पण माणसं घाटावरून परत येतीन, तं खातीन काय? लक्ष्मणरावनं सकाळपासून चहा बी नाही घेतला."

हार आणायला मात्र दोघे धावले.

मित्रांनो, जी माणसे न बोलावता तुमच्या दारी धावून येतात, त्यांचा मान जरूर करा. पण त्यांचे काम कुलपात ठेवू नका. किल्ली रामकृष्णजींच्या खिशात आहे. मागा त्यांना. नाहीच दिली तर काच फोडा, मला ओरखडे चालतील. हे गुलाब तेवढे काढून टाका आणि मला लवकर न्या. पार्वताबाईंच्या घरी आज चूल पेटलेली नाही.