एकाच खोलीची किल्ली

बसवेश हत्तुरे रजेवर चाललाय म्हटल्यावर दवाखान्यात कुणाचा विश्वासच बसेना. सोलापुरातल्या त्या धर्मादाय दवाखान्याचा सर्व्हर म्हणजे त्याचं दुसरं बिऱ्हाड. रक्ततपासणी, औषधं, बिलं, सगळं त्या एकाच यंत्रावर चालायचं आणि मुख्य पासवर्ड एकट्या बसवेशच्या डोक्यात. रिपोर्टची छपाई अडकली की त्याला फोन. तो भरल्या ताटावरून उठायचा, छपाई बंद करून पुन्हा चालू करायचा आणि परत ताटाकडे जायचा. तोवर भाकरी कडक झालेली असायचीच.

दुसऱ्याला पासवर्ड द्यावा, तर हात पोळलेले. मागं एका भल्या माणसाला दिला होता. त्या बाबानं पसारा आवरतो म्हणून हात घातला आणि अख्ख्या आठवड्याचे रिपोर्ट झाडून टाकले. तेव्हापासून बसवेशनं कानाला खडा लावला होता.

पण आता लेकीचं, उत्कर्षाचं, पहिलं बाळंतपण. ती माहेरी अक्कलकोटला आली होती. ती जन्मली तेव्हा बाप सोलापुरात यंत्राशी झुंजत बसला होता, हे तिच्या आईनं, चन्नम्मानं, तिला लहानपणापासून चवीनं ऐकवलेलं. पोरगी रागावली नाही, अगदी लाडात येऊन म्हणाली, "अप्पा, या खेपेला तरी तुमी असा की." त्या एवढ्याशा 'की'पुढं बसवेशचं काही चाललं नाही.

मग त्यानं लॅबमधल्या प्रतिक्षा सर्वगोडला बोलावलं. रक्ताच्या नळीवर नाव चिकटवताना दोनदा वाचणारी पोरगी. मुख्य पासवर्ड त्यानं तिलाही दिला नाहीच. 'सुडो' नावाची एक सोय असते. तिच्यामुळं साध्या माणसालाही मालकाच्या अधिकारातलं ठरावीक काम तेवढं करता येतं. प्रतिक्षाच्या नावावर त्यानं दोनच कामं लिहिली, छपाईची हालहवाल बघायची आणि ती पुन्हा चालू करायची. सगळ्या घराची नव्हं, एकाच खोलीची किल्ली देतोय, राग मानू नको, असं तो चाचरत म्हणाला. तिनं राग कसला सर म्हणून हसण्यावारी नेलं. उलट, उद्या काही बिघडलं तर माझ्यावर बालंट तरी येणार नाही, म्हणाली. हे उत्तर बसवेशला लई आवडलं.

अक्कलकोटला कळा सुरू झाल्या. उत्कर्षाला तिथल्या प्रसूतिगृहात आत घेतलं, सोबत चन्नम्मा गेली आणि बसवेश दाराबाहेरच्या बाकावर टेकला. टेकतोय न टेकतोय तोच प्रतिक्षाचा फोन.

झालं होतं असं. छपाई अडकली, तिनं ती चालू केली, नीट चाललीय ना म्हणून हालहवालही बघितली. कागद धडाधड निघायला लागले. आनंदाच्या भरात सरांना कळवावं म्हणून तिनं इंग्रजी अक्षरांत 'झालं' लिहिलं, पुढं ठसक्यात उद्गारचिन्ह दिलं आणि एंटर मारला. आणि घ्या, ते शेजारी उघडलेल्या व्हॉट्सॲपमध्ये गेलंच नाही, हालहवाल दाखवणाऱ्या काळ्या पडद्यावरच उमटलं.

"सर, डॉलरचं चिन्ह असतंय तिथं जाळीसारखं चिन्ह आलंय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी कोण म्हणून यंत्राला विचारलं, तर 'रूट', म्हणजे मालक, म्हणतंय. मी कशालाच हात लावला नाही. पण हे मला मिळायला नको होतं ना?"

हालहवाल दाखवणाऱ्या त्या पडद्यालाच एक चोरवाट असते, तिथं उद्गारचिन्ह आणि एंटर दाबलं की माणूस थेट मालकाच्या जागी जाऊन बसतो, हे बसवेश साफ विसरला होता. खोलीची किल्ली दिली आणि मागचं दार सताड उघडं. गलथानपणा पोरीचा नव्हता, त्याचा होता.

आता गाडी काढावी आणि सोलापूर गाठावं, हाच पहिला विचार. तो उठलासुद्धा. तेवढ्यात आतून उत्कर्षा कळवळून ओरडली आणि तो परत दाराशी आला.

प्रतिक्षा गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? हिनं आपणहून फोन केला. आणखी काय बघायचं माणसात? बसवेशचे डोळे भरून आले. ते दार आता तूच बंद कर, मी सांगतो तसं, असं त्यानं तिला सांगितलं. एवढं सगळं माझ्या हातात नको सर, ती म्हणाली.

"घाबरू नको," बसवेश म्हणाला. "सावकाश. मी हाय हितंच."

मग तो दारालगतच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि एकेक अक्षर सांगत गेला. तिनं नियमांची फाईल उघडली, स्वतःच्याच नावाची ओळ शोधली आणि तिथून दुसरं काही सुरूच होऊ नये, असा एक शब्द त्या ओळीत घातला. ती वाचून दाखवायची, तो व्हय म्हणायचा. अक्षर चुकलं की म्हणायचा, होतंय, परत कर, मी हाय. शेवटी ती त्या मालकाच्या जागेवरून बाहेर पडली आणि खात्री म्हणून मुद्दाम पुन्हा तेच 'झालं' ठोकून बघितलं. पडदा ढिम्म.

बंद झालं सर, आता मलाही उघडत नाही, असं म्हणून ती मोकळी हसली. बसवेश तिला काहीतरी चांगलं बोलणार, तर आतून बाळाचा ट्यांहां ऐकू आला. तो तिलाही फोनवर ऐकू गेला असावा, कारण ती नुसतं "सर" म्हणाली आणि रडायलाच लागली.

मुलगी झाली होती. आत गेल्यावर उत्कर्षानं बापाचा हात धरला तो सोडेचना.

"बाहेरून तुमचा आवाज येत होता, अप्पा," ती म्हणाली. "घाबरू नको, सावकाश, मी हाय. सारखं तेच. त्याच्यावरच निभावलं मी."

बसवेशनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. ते कुणाला म्हणत होतो, हे त्यानं तिला कधीच सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, ते दोघींनाच तर होतं.