तिसऱ्या खड्ड्यातलं कडं

रविवारी सकाळी मी पत्र्याचा डबा उघडला आणि चिंचेचा वास आला.

डब्यात एकतीस पुड्या असायला हव्या होत्या. प्रत्येकीत धातूची एक वस्तू आणि आकडा घातलेली चिठ्ठी. त्याऐवजी आत स्टीलचं एक ताट होतं. त्यात सगळ्या वस्तू घासूनपुसून, लखलखीत मांडलेल्या. मधोमध बोटभर उंचीची पितळी देवी, तिला हळदकुंकू. चिठ्ठ्यांचा ओला लगदा डब्याच्या कोपऱ्यात पडला होता.

"सर, हे कोणं केलं?" माझ्यासोबत आलेल्या गुंजनने विचारलं.

मी लगदा उलगडून पाहिला, एकही आकडा वाचता येत नव्हता.

हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, सभागृहासाठी पायाचे सहा खड्डे खणले, तेव्हा मातीतून जुन्या वस्तू निघू लागल्या. मी संग्रहालयात तीस वर्षं नोंदणीचं काम केलेला माणूस. पुरातत्त्व खात्याला कळवलं. आम्ही येईपर्यंत नोंद ठेवा आणि काहीही धुऊ नका, असं त्यांनी सांगितलं. मग मी लेआउटमधली पोरं जमवली. वस्तू दिसली की मजूर हाक मारायचे. पोरं टेप धरून खोली मोजायची, सोनाराच्या काट्यावर वजन करायची, रजिस्टरमध्ये चित्र काढायची. वरच्या मातीत इंग्रजांच्या काळातला पाव आणा, त्याखाली भोसल्यांच्या काळातले तांब्याचे पैसे, शिशाची एक गोळी. सहावीतल्या गुंजनची चित्रं सगळ्यांत नेमकी.

तिसऱ्या खड्ड्यात सात फुटांवर लोखंडी सुरी आणि तांब्याचं कडं निघालं. कड्याला सुरीचा तांबडा गंज घट्ट चिकटलेला होता. म्हणजे दोन्ही वस्तू शेजारी शेजारी पुरल्या होत्या, बहुधा दोन हजार वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी. खात्याच्या चिन्मयी मॅडम त्या दिवशी अकराला तेच पाहायला येणार होत्या. त्यांची खात्री पटली तर तो खड्डा तसाच राखून नीट उत्खनन होणार होतं. नाही पटली तर सोमवारी त्यात काँक्रीट.

आणि ताटात कडी दोन होती. दुसरं पहिल्या खड्ड्यातलं, वरच्या मातीतलं, अलीकडचं. आकार जवळजवळ तोच. चिंचेने घासल्यावर दोन्ही सारखीच चमकत होती. काट्यावर ठेवून पाहिली, तर दोन्हींचीही वजनं नोंदीशी जुळेनात.

डब्याची दुसरी किल्ली लेआउटचे अध्यक्ष मधुकरराव यांच्याकडे असते. ते आणि त्यांच्या पत्नी सुमतीताई आले ते हसतच.

"कसं वाटलं, सर? आमच्या हिनं काल दुपारभर घासलं. बाहेरच्या मॅडम येणार, त्यांना काय घाण दाखवायची?"

"घाण?" मी ओरडलो. उभ्या आयुष्यात पोरांसमोर मी आवाज चढवला नव्हता. "या पोरीनं दोन महिने उन्हात बसून एकेक वस्तू लिहिली. तुम्ही एका दुपारी सगळं धुऊन टाकलं! विचारायची बुद्धी झाली नाही?"

"अहो, देवी होती त्यात," सुमतीताई म्हणाल्या. "ती तशी मळकी, प्लास्टिकात बांधलेली... मला बघवेना. तिला घासायला घेतलं, मग म्हटलं बाकीचंही होऊन जाऊ दे."

"होऊन जाऊ दे! आता तिसऱ्या खड्ड्यातलं कडं यातलं कुठलं, तेच कळत नाही. मॅडमना तुमचं ताटच दाखवतो, ओवाळा त्यांना!"

सुमतीताईंचा चेहरा उतरला. मधुकररावांचा मात्र पारा चढला.

"सर, जरा हळू. यात एवढं काय आहे? दोनच तर कडी आहेत. एक उचला, लिहून टाका तिसरा खड्डा. कोण बघायला बसलंय?"

खरं सांगतो, रागाच्या भरात मी त्यातलं एक उचललंही. हेच असणार, असं मन म्हणत होतं. चिठ्ठी लिहायला पेन काढलं.

"सर, तुमाले पक्कं माहीत हाय का?" गुंजन म्हणाली.

"नाही."

"मंग लिहून काहून राहिले?"

मी पेन खाली ठेवलं. आता राग मधुकररावांवर होता, की स्वतःवर, ते मला सांगता आलं नसतं. किल्ली त्यांच्या हाती मीच दिली होती. वस्तू धुवायच्या नाहीत, हे पोरांना शंभरदा सांगितलं, मोठ्यांना एकदाही नाही.

गुंजन ताट घेऊन सुमतीताईंपुढे बसली. "काकू, घासताना एका कड्याले लाल-लाल कडक असं काही होतं का?"

"होतं ना गं! चिंचेनं निघेना, काथ्यानं निघेना. शेवटी घरातल्या सुरीच्या टोकानं खरवडलं."

"कोणत्याचं?"

सुमतीताईंनी दोन्ही कडी उजेडात धरली. एकाच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे होते, ताजे, सात-आठ.

"हे. हे माझेच ओरखडे."

गुंजनने रजिस्टर उघडलं. चित्रात गंज आतल्या बाजूलाच होता, अगदी तेवढ्याच जागी. मी मघापासून बाईंवर नुसता ओरडत होतो. प्रश्न एकही विचारला नव्हता.

चिन्मयी मॅडम आल्या. त्यांनी ताट पाहून कपाळाला हात लावला, मग भिंगातून ओरखडे आणि शेजारी चित्र बराच वेळ पाहिलं. "गंज गेला तो गेलाच," त्या म्हणाल्या. "पण ज्यांनी घासलं त्यांनी हे सगळं लिहून दिलं, तर चित्रासोबत जोडून मी त्या खड्ड्यातलं काँक्रीट थांबवायला सांगू शकते."

"काही लिहायचं नाही," मधुकररावांनी बायकोला दटावलं. "सभागृह अडेल आपलं."

"अडू द्या," सुमतीताई म्हणाल्या. "डबा उघडून तुम्हीच दिलात ना माझ्या हाती?"

त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. काय घासलं, कशाने घासलं, कुठे खरवडलं, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. मधुकरराव पाय आपटत निघून गेले.

मी सुमतीताईंची माफी मागितली. ती धड जमली नाही. माझा आवाज अजून चढलेलाच होता. दोन हजार वर्षं टिकलेला गंज अर्ध्या तासात मोरीतून वाहून गेला होता, आणि त्याचा संताप माझ्या मनातून आजही गेलेला नाही.